खालचा एक ठोका

१७ नोव्हेंबर
गोखिवऱ्याला तीन गाळे तपासले. दोन ठिकाणी आग विझवायच्या सिलिंडरवर शर्ट वाळत. तिसऱ्यात सिलिंडरच दाराला अडसर. मालक म्हणतो, "मॅडम, हाताशीच आहे ना!"
तिन्ही नापास.
सोबत डॉमनिक फिटर असता तर हसला असता आणि मी त्यालाही झापलं असतं. कॅनडाला लेकीकडे गेला त्याला आज पाच महिने. सहा म्हणून गेलाय.

२१ नोव्हेंबर
विरार, चौदा मजले. गच्चीवर मी, खाली पंपाशी सोसायटीचे सेक्रेटरी. सवयीने उभ्या पाइपावर पान्याने दोन ठोके दिले. पाणी येईना. सेक्रेटरींचा फोन: "मॅडम, वर काही पडलं का?"
त्यांना काय माहीत. दोन ठोके म्हणजे पाणी सोड, तीन म्हणजे बंद कर. पाणी सोडण्याआधी खालून डॉमनिकचा एक ठोका यायचा. ऐकलं, एवढाच अर्थ. सुरुवातीला मोबाइल परवडत नव्हता. पुढे दोघांकडे आले, तरी ठोके चालूच. बावीस वर्षं.

२८ नोव्हेंबर
वाईट दिवस. वसईची जी इमारत ऑक्टोबरात पास केली, तिथे आज सहज डोकावले. दाबाचा काटा सातवर. झडप उघडली तर पाणी नुसतं ठिबकलं. काटा तरी सातवरच. अडकलेला. टँकर आले नाहीत म्हणून आगीच्या टाकीतलं पाणी केव्हाच घरांत सोडलं होतं.
ऑक्टोबरात एकटी होते. गच्चीवर गेले नाही, काट्यावर विसंबले. गुडघा दुखत होता. हे कारण नव्हे.
डॉमनिक आधी काट्याच्या काचेवर टिचकी मारायचा, मग आकडा सांगायचा. मी फक्त लिहायची.
प्रमाणपत्र परत घेतलं. चेअरमन म्हणाले, "कोणाला कळलं नसतं हो."
"मला कळलंय."

३० नोव्हेंबर, रविवार
संध्याकाळी डॉमनिकचा फोन. तिकडे सकाळ, चर्चला मिसासाठी निघाला होता. काट्याचं सांगून टाकलं. त्यावर तो, "बाई, टिचकी नाय मारली?"
"नाही."
"आता मारत जा." बस, एवढंच.
म्हणाला, तिकडे घरोघरी धुराची घंटा. परवा सुके बोंबील भाजले तर बंब दारात. लेकीने चूल बंद केली, मग बापाशी बोलणंही. मी हसले. बऱ्याच दिवसांनी.
मग म्हणाला, "पोरगी म्हणते कागद करू, इथंच राहा. काय करू, बाई?"
"तिचं बरोबर आहे," मी म्हटलं.
नियमाप्रमाणे उत्तर दिलं. ताट तसंच झाकून ठेवलंय.

६ डिसेंबर
जानेवारीच्या फेरीची यादी केली. नेहमीचे दोन रकाने, वर आणि खाली. वर सगळीकडे मी. खाली काही लिहिलं नाही.
खालच्या कामासाठी जाधव फिटर येऊन गेला. हात चांगला आहे, वेळ पाळतो, बोलतो कमी. नाही म्हणायला जागा नाही. "एकदा येऊन बघ, पुढचं मग," म्हटलं.
आगाशीवरून परतताना बस डॉमनिकच्या वाडीसमोर थांबली. केळी कोणीतरी शिंपतंय. घराच्या खिडक्या बंद. उतरायचं कारण नव्हतं, पण…

१४ डिसेंबर
वसईच्या इमारतीची फेरतपासणी. टाकी भरलेली, काटा नवा. टिचकी मारली. मग गच्चीवर. लिफ्ट नको म्हटलं, जिन्यातले सगळे नळ बघत चढले.
जाधव खाली. तेवढ्यात डॉमनिकचा फोन.
"कुठं आहात?"
"गच्चीवर."
"मग ठोका ना."
वेडेपणा. पण फोन पाइपाला लावला आणि दोन ठोके दिले. फोनमधून एक ठोका आला. टेबलावर मारला असेल, नाहीतर खिडकीच्या काचेवर.
"पाणी येत नाही रे," मी म्हटलं.
"मी खाली नाय ना, बाई."
मग मी विचारलंच. त्याच्या लेकीने काहीही म्हटलेलं असो, माझं मला विचारायचं होतं. "जानेवारीला खाली कोण?"
"पयली बिल्डिंग कितीला?"
"बारा तारखेला."
"बारा," तो म्हणाला. ‘हो’ नाही, ‘नाही’ही नाही. नुसतं बारा.
जाधवने माझ्या निरोपाची वाट बघून शेवटी पंप सुरू केला. पाणी आलं ते असं की नळी दोन्ही हातांनी धरावी लागली. फोन खिशात टाकला. डॉमनिकचं पुढचं ऐकू आलं नाही.
इमारत पास.
बारा तारखेचा खालचा रकाना अजून कोरा आहे. पेन्सिलला टोक काढून ठेवलंय.