ब्युइक दान केली
हार्लो, साउथ डकोटा
३० डिसेंबर

प्रिय व्हर्लिन,

ब्युइक गेली. आज सकाळी ट्रकवाला आला आणि तिला पाठीवर चढवून घेऊन गेला. गाड्यांची बातमी तुला माणसांच्या आधी लागते, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

क्रेग नाताळला आला होता. सून नातींना घेऊन माहेरी गेली, त्यामुळे मिनियापोलिसहून एकटाच, एवढ्या बर्फातून. मी हॅम भाजलं, बटाट्याचे लेफ्से लाटले. निम्मे करपले, पण पोरानं हूं की चूं न करता खाल्ले. जेवण होत आलं तशी त्यानं सुरुवात केली. "आई, मी काय म्हणतो, ब्युइक दान करून टाकायची का? शहरात बेघर बायकांना आसरा देणारी एक संस्था आहे. ते लोक जुन्या गाड्या घेतात, लिलावात विकतात. एकतीस तारखेच्या आत दिली, तर यंदाच्याच करात वजावट." बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. काट्यानं बशीतला वाटाणा इकडून तिकडे ढकलत होता.

मी लाकडाच्या वखारीत हिशेब लिहिण्यात जन्म काढला, तुला माहीत आहे. माझ्यासारख्या पेन्शनीतल्या बाईला ही असली वजावट लागूच होत नाही. क्रेगलाही ते पक्कं ठाऊक आहे, माझे कराचे कागद तोच भरतो. पण "आई, तुला आता दिसत नाही, गाडी सोड" हे त्याला तोंडानं म्हणवेना, आणि मलाही ते ऐकवलं नसतं. म्हणून आम्ही मायलेक कॉफी गार होईपर्यंत कराबद्दल बोलत बसलो. शेवटी मी म्हटलं, "एवढा फायदा होत असेल, तर देऊ या." तो इतका हलका झाला की उठून भांडी धुवायला लागला.

डोळ्यांचं मी तुला मुद्दामच सांगितलं नव्हतं. जिथं बघावं तिथंच मधोमध एक धुरकट डाग पडतो, कडेकडेनं तेवढं दिसतं. तुझ्यासमोर बसले की मी मान तिरकी करायचे ना, तुला वाटलं असेल, या वयात हिला नखरे सुचतायत. तसं केलं की तुझा चेहरा दिसायचा. यावर औषध नाही म्हणाले डॉक्टर. आणि नोव्हेंबरात तुझ्याकडून परत येताना गाडी रस्ता सोडून चरात गेली. मला खरचटलंसुद्धा नाही. पण जरा पुढे एक कुटुंब टायर बदलत थांबलं होतं, व्हर्लिन. लहान मुलगी होती त्यांच्यात, लाल कोटातली. ती मला गाडीतून उतरल्यावर दिसली. आधी दिसलीच नव्हती. तरी मी येत राहिले. क्रेगला बोल लावायला जागा नाही, हे मला कळतं.

चरातून ज्यानं काढलं तो शेरीफचा माणूस क्रेगच्या शाळेतला निघाला, म्हणून गोष्ट त्याच्यापर्यंत गेली. "पण तू त्या रस्त्याला कशाला गेली होतीस गं? तिकडे आपलं कोण आहे?" त्यानं विचारलं. मी खरं तेच सांगितलं. "व्हर्लिन टॉर्गेसनला भेटायला. दर रविवारी जाते मी." तो अगदी मायेनं म्हणाला, "तुझा स्वभावच असा, आई. पण त्यांना आता काही कळत नाही म्हणतात. तू आलीस काय, नाही आलीस काय. मी ईस्टरला आलो की नेईन तुला एकदा." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? थँक्सगिव्हिंगला दोन्हीकडच्या पोरांना एका टेबलाशी बसवून आपल्या दोघांचं सांगायचं, असं आपलं ठरलं होतं, आणि सप्टेंबरातच झटका येऊन तुझी वाचा गेली. सांगायचं होतं ते दोघांनी मिळून. मी एकटीनं सांगितलं असतं, तर ते एका म्हातारीच्या मनाचे खेळ वाटले असते. तुझ्या लेकीला, जॉइसलाही मी वखारीतली जुनी बाई म्हणूनच माहीत आहे. भेटली की माझे आभार मानते बिचारी.

क्रेगनं जायच्या आधी गाडी रिकामी करून दिली. शेजारची सीट पार मागे सरकवलेली बघून म्हणाला, "इथं कुठला राक्षस बसायचा?" मी म्हटलं, "किराणा ठेवायला बरं पडतं." मग आत येऊन उगाच ओटा पुसत राहिले.

तो गेल्यावर मी खटपट केली नाही असं समजू नकोस. शेजारची ग्लॅडिस थंडीभर ॲरिझोनाला. म्हाताऱ्यांना नेणारी काउंटीची व्हॅन आहे, तिथं फोन केला. फोनवरची मुलगी गोड बोलली. "डॉक्टरकडे जायचंय का, मॅडम?" नाही म्हटलं. "मग नातेवाईक आहेत का?" मी नुसतं तू असतोस त्या गावाचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "नातेवाईक असले तरी काउंटीच्या हद्दीपलीकडे आम्ही जात नाही हो." मग तुमच्या वृद्धाश्रमातल्या नर्सला फोन लावला. तिनं तुझ्या कानाशी धरला. तुझा श्वास ऐकू आला. हवामानाचं काहीतरी बोलले आणि ठेवून दिला.

आज ट्रकवाला यायच्या आधी मी गाडीवरचा बर्फ झाडत होते. तो म्हणाला, "कशाला झाडताय, मॅडम? वाटेत पुन्हा बसणारच आहे." मी झाडतच राहिले. त्यानं साखळ्या अडकवल्या, मला पावती दिली, "हॅपी न्यू इयर" म्हणाला. कोपऱ्यावर तो वळला तेव्हा मी नेमकं सरळ बघितलं, त्यामुळे ती वळताना मला दिसली नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. नर्स सांगत होती, रविवारी जेवण झालं की तू डाव्या हातानं चाक ढकलत खुर्ची दाराकडे करून घेतोस, आणि कुणी हलवू गेलं तर रागावतोस. त्यांना वाटतं, तुला काही कळत नाही म्हणून तू असं करतोस. परवा रविवार आहे. मी येणार नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. मी मेले असं तुला वाटेल, नाहीतर मला तुझा कंटाळा आला असं वाटेल, आणि तुला कुणाला विचारताही येणार नाही. ते तेवढं वाटून घेऊ नकोस. मी धडधाकट आहे, इथंच आहे, आणि मला यायचं आहे. गाडी नाही, एवढंच.

तुझीच,
आर्डिस