नातीला नीट मरू द्यायचं

३ फेब्रुवारी, सकाळी

ए म्हातारे, ही वही तुझी आहे. विसरलीस ना? महिन्याभराने वाचून घेशील आणि विचारशील, कुणाचं गं हे, बाई हुशार दिसते. म्हणून आधीच सांगून ठेवते. सांगणारी मी, लिहिणारी सून. मला अक्षर येत नाही. सुनेला येतं, पण तिचं अर्धं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे.

बातमी: नातीला बॅलेत मुख्य काम मिळालं. सहा वर्षं मागच्या रांगेत होती, कधी धुकं व्हायची, कधी गर्दी. नायकाच्या आंधळ्या आजीसाठी नाचाच्या मास्तरांना खरी म्हातारी हवी होती. नातीने मला सुचवलं. तिसऱ्या अंकात खिडकीपाशी खुर्चीत बसायचं. नाचायचं नाही, बोलायचं नाही, हलायचं नाही. चाळीस वर्षं शिलाई मशीनपुढे बसलेय मी. बसणं मला कोण शिकवणार?

४ फेब्रुवारी

गोष्ट एका जाड कादंबरीवरून घेतलीय. गेल्या थंडीत सुनेकडून ऐकली होती. निम्मी. दोघांचं जमलं, अंगठी झाली, तेव्हा म्हटलं पुरे. पुढचं मला कळतं. दोन पोरं होणार, सासू कुरकुरणार. सून म्हणाली, पुढे बरंच आहे. असेल. पानं भरायला लेखक काहीही लिहितात.

९ फेब्रुवारी

पहिली रिहर्सल. शुद्ध फसवणूक. तिसऱ्या अंकात नात मरते! बर्फातून चालत येते आणि आजीपासून दोन पावलांवर कोसळते. आजीला दिसतच नाही. नायक उशिरा पोचतो. पुरुषच तो.

पोरीच्या अंगात चिंधीएवढी मलमल. फरशी गार. मी उठले, तिच्यावर शाल घातली, पाय झाकले. पियानोवाल्या बाई थांबल्या. मास्तर म्हणाले, आजी, तुम्ही आंधळ्या आहात. मी म्हटलं, आंधळी आहे, बहिरी नाही. एवढी धडधाकट मुलगी पडली तर आवाज येणारच. ते म्हणाले, बॅलेत पडल्याचा आवाज येत नसतो. म्हटलं, मग ती नीट पडत नाही, शिकवा तिला. त्यांनी कपाळ धरलं. विचारात पडले असणार.

निश्चय: उद्या उठायचं नाही.

१० फेब्रुवारी

उठले. खिडकीतून वारा येत होता. सून म्हणते, खिडकी पुठ्ठ्यावर रंगवलेली आहे. तिला वारा कळत नाही.

१३ फेब्रुवारी

आज डोळे घट्ट मिटले. उत्तम चाललं होतं. पण पियानो रडवेला झाला की पोर पडणार, हे आता कानाला कळतं. हात पुढे करून चाचपडत गेले, अगदी भूमिकेत राहून. नायक मध्ये कडमडला. त्याच्या गुडघ्याला लागलं. एवढा उड्या मारणारा माणूस, एक म्हातारी चुकवता येत नाही! शाल त्याच्या डोक्यावर पडली. नात मेल्या मेल्या हसली.

१६ फेब्रुवारी

मास्तरांनी नातीला बजावलं. मेलेली मुलगी हसत असेल तर दुसरी तयार आहे. रविवारी काय ते ठरणार.

नात आली, पण जेवली नाही. ताटात बोट फिरवत म्हणाली, आजी, सहा वर्षं थांबलेय गं. एकदा तरी मला नीट मरू दे. मी म्हटलं, मर की, कोण अडवतंय?

सुनेने पेन खाली ठेवलं. म्हटलं, उचल, आणि लिही: चूक थोडी माझीही आहे. ‘थोडी’च्या खाली रेघ मार.

१८ फेब्रुवारी

उपाय सापडला. ॲप्रनच्या नाड्यांनी स्वतःला खुर्चीच्या पाठीला बांधून घ्यायचं. शिलाईवालीच्या गाठी आहेत, सुटायच्या नाहीत.

१९ फेब्रुवारी, रविवार

गाठी सुटल्या नाहीत. खुर्चीसकट उठले.

२० फेब्रुवारी

मास्तर स्वतः घरी आले. चहाला नाही म्हणाले, तेव्हाच ओळखलं. माझ्या जागी कापडाच्या दुकानातला पुतळा बसणार, डोक्याला पांढरा टोप लावून. नातीचं काम तिच्याकडेच राहिलं. हे मी दोनदा विचारून घेतलं.

चार दिवसांत पुतळ्याला कंटाळतील आणि मलाच बोलावतील. त्यांनी शाल मागितली, दिली.

२५ फेब्रुवारी, दुपारचा खेळ

तिसऱ्या रांगेत बसले. सुनेने हात धरून ठेवला होता. प्रेमाने नाही.

पोर आली, थरथरली, पडली. आवाज आला नाही. खरंच येत नाही. पुतळा जागचा हलला नाही. माझ्या शेजारचा पोलिसासारखा दिसणारा गृहस्थ रुमाल शोधत होता. मी अर्धी उठले. फक्त अर्धी.

२७ फेब्रुवारी

पेपरात आलं. नातीबद्दल सहा ओळी, सगळ्या चांगल्या. त्याखाली: ‘आंधळ्या आजीचं काम करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रीचा संयम थक्क करतो. असं निश्चल बसायला आयुष्याचा अनुभव लागतो.’

सुनेकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा तिला हसू आवरेना. पुतळ्याच्या अंगावर शाल माझी होती म्हणजे निम्मं कौतुक माझं, असं म्हणणार होते. नाही म्हटलं. मला जमलं नसतं. रेघ नको, नुसतं लिही.

संध्याकाळी नात म्हणाली, पडदा पडला की माझे दात वाजतात गं आजी, विंगेत घोंगडी घेऊन बसशील का? मास्तरांची परवानगी आहे. त्यांनी माझ्यापुढे खडूची रेघ मारायची ठरवलीय. पडदा पडेपर्यंत ती ओलांडायची नाही. ओलांडली तर पुतळ्याला घोंगडी धरायला ठेवतील म्हणे.

नऊ खेळ उरलेत. सूनबाई, निश्चय वगैरे लिहू नकोस आता. उद्यापासून थर्मासमध्ये भाज्यांचं सूप पाठव, घट्ट, मिरपूड कमी. मेलेल्या माणसाला फार भूक लागते. दोघींपुरतं पाठव, आणि पाव वेगळा बांध, भिजवून पाठवू नकोस.