नोव्हेंबरातली आफ्रिका

११ मार्च
इथे रायपुरात, तात्यापाऱ्याच्या चौकात हे आज एका सायकलवाल्याला धडकले. तो डावीकडून येत होता. "दिखता नहीं क्या, काका?" म्हणाला. हे हसून बाजूला झाले. मला मात्र त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. खरंच दिसत नाही हो त्यांना. काचबिंदू. समोरचं लख्ख दिसतं, बाजूचं गेलंय. जन्मभर मालगाडीचं इंजिन चालवलं, आता रेल्वेच्या मेडिकलने खाली उतरवून टेबलावर बसवलंय. "मले समोरचं दिसते ना, बस झालं. इंजिनात बाजूले कोण पाहते?" हे रोजचं पालुपद.

जानेवारीतलं बारनवापाराचं जंगल डोक्यातून जात नाही. जिप्सीतल्या सगळ्यांना झाडीतला बिबट्या दिसला. हे "कुठं? कुठं?" करत राहिले, आणि शेवटी "हव, दिसला" म्हणाले. खोटं. दर हिवाळ्यात जंगलात जाणारा माणूस. परतताना दुर्बीण पिशवीत कोंबून टाकली.

तेव्हापासून मनात एकच. आफ्रिका. तिथे झाडी नाही. उघडं गवत, आणि जनावरं लांब, समोर उभी. तिथे ह्यांना दिसेल.

१८ मार्च
शंकर नगरच्या ट्रॅव्हलवाल्याकडे गेलो. थंडगार ऑफिस, भिंतीवर जिराफ. त्याने आकडा सांगितल्यावर हे म्हणाले, "एवढ्यात तर जिराफ घरी येईल ना भाऊ." तिथल्या पोरी फिदीफिदी. मी तापले. बाहेर आल्यावर म्हटलं, आपलं आपण करू. नोकरीभर साहेबांचे दौरे आखले, गाड्या, मुक्काम, जेवणं, सगळं. माझा एक दौरा मला आखता येऊ नये?

२७ मार्च
जेवणाच्या सुट्टीत रोज इंटरनेट. डबा एका हाताने.
शिकले ते असं. जुलै ते ऑक्टोबर मसाई मारात कळप नदी ओलांडतात, तेव्हा जगभरचे लोक आणि दर आभाळाला. नोव्हेंबरात थोडा पाऊस, गर्दी कमी, दर खाली. सिंह-हत्ती काही नोव्हेंबरात मामाच्या गावाला जात नाहीत. नैरोबीपर्यंत आपलं आपण जायचं. पुढे अनोळखी चार-सहा जणांनी मिळून घेतलेली एक गाडी, मुक्काम तंबूत. जोसेफ म्हणून एक जण अशा गाड्या चालवतो. त्याला मेल लिहिला. ह्यांच्या डोळ्यांचं सगळं लिहिलं. इंग्रजी सोपंच ठेवलं, उगाच शायनिंग नको.

३० मार्च
जोसेफचं उत्तर! मिस्टरांना पुढची, ड्रायव्हरशेजारची जागा. जनावर दिसलं की जमेल तिथे गाडीचं तोंडच त्याच्याकडे वळवीन, म्हणतो. वाचून रडूच आलं. माझ्या सख्ख्या दिराला अजून एवढं सुचलेलं नाही.
ह्यांना वाचून दाखवलं. "सज्जन माणूस दिसते," म्हणाले, आणि उगाच कपाटातली दुर्बीण काढून पुसत बसले.

१५ एप्रिल
तिकिटं काढली. नोव्हेंबरचा पहिला आठवडा. स्वस्तातली, म्हणजे तारीख बदलता येत नाही, पैसे परत नाहीत.
कोणाला सांगितलं नाही. लेकीला, मिनूलाही नाही. हे म्हणाले, "पोट्टीले तरी सांग." म्हटलं, व्हिसा होऊ द्या. आमच्याकडची रीतच आहे, गोष्ट हातात पडल्याशिवाय तोंडातून काढायची नाही, नजर लागते. माझी आई सोयरीक जमली तरी साखरपुड्यापर्यंत शेजारणीला कळू देत नसे. मिनूलाही मी हेच शिकवलं.

२९ एप्रिल
मिनूचा बंगलोरहून फोन. "मम्मी, पहले बैठ जाओ."
दिवस गेलेत तिला! तिसरा महिना कालच पूर्ण झाला म्हणून आज सांगितलं. "आपने ही तो सिखाया है, पहले नहीं बोलते." मी हसत होते, रडत होते. हे फोनजवळ तोंड नेऊन "शाब्बास, शाब्बास" करत होते, जणू तिने मॅट्रिक पास केली.
मग विचारलं, तारीख कधीची गं?
नोव्हेंबरचा पहिला आठवडा.
"मम्मी? खुश नहीं हो क्या?"
खूश आहे गं बाई. खूशच आहे. दोघी मायलेकी तोंडाला कुलूप लावून बसलो आणि दोघींनी एकच आठवडा धरला. एकीने तरी तोंड उघडलं असतं तर...

३ मे
मिनूला सांगितलं. आधी नुसतं, "नवंबर में?" मग, "वाह मम्मी! आप लोग जाओ ना, मेरी टेन्शन मत लो." आवाज नको इतका आनंदी. ही पोर लहानपणापासून खोटं बोलताना वरच्या पट्टीत जाते.
संध्याकाळी विहीणबाईंचा सतन्याहून फोन. "समधनजी, हमारे यहाँ तो जचकी ससुराल में ही होती है। आप निश्चिंत होकर जाइए।" लग्नात मीच मांडवात ठासून सांगितलं होतं, आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी, यात बदल नाही. त्यांनी त्याची आठवणसुद्धा काढली नाही. एवढा चांगुलपणा मला सोसला नाही. फोन ठेवून भांडी आपटली.

५ मे
ह्यांच्याशी भांडण. "फेब्रुवारीत जाऊ. आफ्रिका का पळून चालली?" म्हटलं, तिकिटं? "गेले तर गेले. पोट्टी एकच आहे आपल्याले." बरोबर बोलतात, म्हणूनच जास्त राग येतो. ठरलं, फेब्रुवारी. जोसेफला लिहायचं.

२१ मे
जोसेफला लिहिलं नाही अजून.

१४ जून
परदेशी जायच्या परवानगीची माझी फाईल ऑफिसात टेबलामागून टेबल फिरतेय. मागे घ्यायला म्हणून मोठ्या बाबूंकडे, साहू भैयांकडे गेले. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "दीदी, इस उमर में लोग चारधाम जाते हैं, आप शेर देखने जा रही हो?" म्हटलं, हो, जाऊन राहिली. आणि तशीच परत आले. नव्या रायपूरहून परतीच्या बसमध्ये स्वतःलाच विचारलं, काहून? दोन्ही बाजूंना नुसते रुंद रिकामे रस्ते.

९ जुलै
डोळ्यांची तपासणी. अंधाऱ्या खोलीत मशीनपुढे बसवतात. ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी पडद्याबाहेर. आधी बटणाचा आवाज सारखा यायचा. आज मी वाट पाहत होते, आणि आवाज येत नव्हता. मध्ये एकदा वाटलं, हे झोपले की काय.
डॉक्टर सरळ बोलल्या. डावा बराच गेला, उजवाही त्याच वाटेवर. थेंब चालू ठेवा, गेलेलं परत येणार नाही. कधीपर्यंत, ते सांगता येत नाही. मी आफ्रिकेचं विचारलं. म्हणाल्या, "जो देखना है, टालिए मत।"
रिक्षात ह्यांनी मला विचारलं, डॉक्टरांना नाही, "फेब्रुवारीपर्यंत टिकन ना?" टिकेल म्हटलं. सदर बाजारात गर्दीमुळे उतरून चालावं लागलं. मी सारखी "डावीकडे, डावीकडे" करत होते आणि ते शहाण्या पोरासारखे ऐकत होते. इंजिन ड्रायव्हर माझा. फार वाईट वाटलं.

१० जुलै
नोव्हेंबरातच जायचं. बस.
मिनूला फोन केला, तू सतन्याला जा. "हाँ मम्मी, ठीक है." वरच्या पट्टीत.

२३ ऑगस्ट
पिवळ्या तापाची लस टोचून आलो. ती सगळीकडे मिळत नाही, बाहेरगावी जावं लागलं. दंड दुखतोय. ह्यांना नर्सने विचारलं, "अफ्रीका क्यों?" "काम है," म्हणाले, साहेबी थाटात. आज पुष्कळ दिवसांनी दोघं खदखदून हसलो.

१५ सप्टेंबर
मिनू आली. पोट छान वर आलंय, चेहरा उतरलाय. डोहाळजेवण इथे, मग सतना, असं ठरलेलं.
जेवताना ह्यांनी पाणी पेल्याच्या शेजारी ओतलं. मी पटकन पुसलं, पण तिने पाहिलं. स्वयंपाकघरात मागून आली. "पापा को इतना कम दिखता है? मुझे बताया क्यों नहीं?" काय सांगणार? चांगलं बोललं तर नजर लागते, वाईट बोललं तर खरं होतं. असं करत करत आमच्या घरात कोणी कोणाला काहीच सांगत नाही.
तिने डोळे पुसले. "आप पापा को लेकर जाओगे. बस, डिस्कशन खतम."

२८ सप्टेंबर
डोहाळजेवण छान झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने. बाहुलीसारखी दिसत होती. रात्री पाय सुजले, बी.पी. वाढलं. डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केला. म्हणजे सतना रद्द.
विहीणबाई म्हणतात, मी रायपूरला येते. म्हणजे बाळंतपण माहेरीच, करणार सासू, आणि आई सिंह बघायला. पाऱ्यातल्या शेजारणींची वर्षभर बोलायची सोय झाली. मी हसले, पण आतून तुटले.

१३ ऑक्टोबर
परवानगी आली. साहू भैया स्वतः कागद घेऊन आले. "शेर को हमारा जय जोहार बोलना, दीदी।" मिठाई वाटली. घरी आल्यावर डिंकाचे लाडू करायला घेतले. डिंक तळताना वाटलं, हे ती खाईल तेव्हा मी कुठे असेन? एक घाणा करपला.

२७ ऑक्टोबर
विहीणबाई आल्या. येताच पदर खोचून स्वयंपाकघरात. बाई कामाची आहे. मेथी कुठे ठेवता, हिंग कुठे, सगळं विचारून घेतलं. माझ्याच घरात मी पाहुणी.
जोसेफचा मेल. गवत हिरवंगार झालंय, एक सिंहीण पिल्लांना घेऊन रस्त्याजवळच राहतेय. मी मोठ्याने वाचलं. ह्यांनी दोनदा वाचायला लावलं.

१ नोव्हेंबर
परवा पहाटे निघायचं.
आज दुपारी मिनूचे पाय चेपत बसले होते. कंबर भरून आलीय तिची. डोळे मिटून पडली होती, मला वाटलं लागली झोप. उठायला गेले तर हात धरला.
"आई, नको ना जाऊ."
शाळेत जायला लागली आणि मी आईची मम्मी झाले. मराठीत उत्तर तर कित्येक वर्षांत दिलं नाही पोरीने. मला ऐकूनच काही सुधरेना. मग तीच घाबरली, "नहीं नहीं, ऐसे ही बोल दिया, आप जाओ," आणि तोंड भिंतीकडे केलं.
हे दारात उभे होते. कधीपासून, कोणास ठाऊक.
चहाच्या वेळी म्हणाले, "मी जातो एकटा. जोसेफ आहे ना."
"अन् डावीकडे पाहा म्हणून कोण सांगन तुमाले?"
"गाडीचं तोंडच वळवतो म्हणला ना तो."
"अन् तंबूत? विमानतळावर?"
"नाही तर नाही जात. मले काही..." कपाकडे हात नेला तो बशीच्या बाजूला पडला. मिनूने कप सरकवून त्यांच्या हाताखाली आणला.
मला दोघांचाही राग आला. दोघंही मला सोडायला तयार, म्हणून.
ह्यांची बॅग बंद करून दाराशी ठेवलीय, वर दुर्बीण. माझी पलंगावर उघडी आहे. आता विहीणबाई परातीत पीठ घेऊन आल्या. "समधनजी, रास्ते की पूड़ी दो जनों की बनाऊँ कि एक की?"
म्हटलं, आटा तो गूँथिए, बताती हूँ.