शौकतवर पडलेला हूक

कलकत्ता, जानेवारी १९५७

अब्बांना राजमहंमदचा सलाम.

मी बरा आहे. अम्मीचा खोकला कमी झाला का? जुन्नरात थंडी लई असेल.

ज्या क्रेनचा हूक तुटून आपला धाकटा शौकत गेला, तो हूक आमच्या प्रयोगशाळेत तपासला. कानाला ऐकू न येणारा आवाज लोखंडात सोडतात. आतले कण बारीक असले तर तो परत येतो. याचे कण जाडे, म्हणून आवाज आतच विरला; असं लोखंड ठिसूळ असतं. अपघाताआधी हूक तपासला तेव्हाही यंत्रानं हेच दाखवलं होतं. आमचे साहेब तेव्हा म्हणाले होते, "काम थांबवू नका."

आता हूक कपाटात मांडलाय. पाहुणे आले की साहेब मलाच हाक मारतात, "तुझ्या भावावर पडलेला तुकडा दाखव." मी दाखवतो.

शौकतच्या बायकोला, जहाँआराला एवढंच सांगा, हूक कशानं तुटला ते कुणालाच कळलं नाही.

तुमचा,
राजमहंमद