मिनलसाठी फोनवरून आलेलं स्थळ

तीर्थस्वरूप शोभाताईस,

उमरेडच्या दिशेला हात जोडून धाकट्या चंपतचा नमस्कार. गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला कमी झाला का? इकडे सक्करदऱ्यात आम्ही देहानं ठीक आहोत, पण मी अजून धक्क्यातून सावरलेलो नाही. फोनच करणार होतो, पण फोनवरची शोभाताई खरीच कशावरून? म्हणून हा कागद.

इतवारीत भांड्यांचं दुकान चालवण्यात माझी उमर गेली. टिचकी मारून पितळेचा खरेपणा सांगणारा मी. मला फसवणारा अजून जन्मायचाय, असंच मी समजत होतो. (ती जन्मली आहे. एकोणीस वर्षांची आहे आणि नाव रीना.)

झालं असं. आपली मिनल कॉलेजात पोरांना संगणकाची राखण शिकवते, आणि तिचं संशोधनही त्यातलंच. कुलूप कितीही भारी असो, किल्ली माणूसच काढून देतो. तो का देतो, हे तिला शोधायचंय. त्यासाठी ती पोरांना चोरासारखा विचार करायला लावते. (तेही फी भरून! आपल्या काळी ही विद्या फुकट मिळायची.) या वेळी तिनं परीक्षेपुरतं स्वतःच्या नावानं एक खातं उघडलं आणि वर्गाला म्हणाली, हे फोडून दाखवा. पासवर्ड विसरला की ते खातं तीन गोष्टी विचारतं: जन्मगाव, आईच्या माहेरचं आडनाव आणि घरातलं लाडाचं नाव.

मंगळवारी मला फोन आला. आवाज पोक्त बाईचा. "भाऊ, आमच्या अश्विनसाठी पोरगी पाहून राहिलो. पोरगा मिहानच्या कंपनीत नोकरीले आहे. तुमच्या मिनलचं नाव ऐकलं."

ताई, पोरीला एकतिसावं लागलं. वर्षभर एक स्थळ नाही. मिनलची आई देवापाशी बसली की मी उठून दुसऱ्या खोलीत जातो, तिचं तोंड पाहवत नाही. आणि स्थळ घेऊन आलेल्या माणसाला 'तुम्ही कोण, कशावरून' असं कोणी विचारतं का? बाईंनी मामेकुळ विचारलं, सांगितलं. जन्मगाव विचारलं, सांगितलं, वर जन्मवेळही सांगितली. घरी काय म्हणता, तर 'छबी'. बाई इतकं गोड हसल्या, की मी पत्रिकेसकट सगळा बायोडेटा धाडला आणि शेजारच्या ताराचंदकडे पेढेही पोचवले.

संध्याकाळी मिनल आली ती कपाळाला हात लावूनच. "बाबा, तिले सगळं काहून सांगितलं?"

"अवं, सासू होती ते तुही!"

"विद्यार्थिनी होती माझी, रीना."

खातं फुटलं याचं मला काही नाही, ताई, पण हाताशी आलेली सासू गेली! मिनल हसली नाही. जवळ बसून म्हणाली, लोभानं फसणाऱ्यांवर पुष्कळांनी लिहिलंय, मायेनं फसणाऱ्यांवर कोणी लिहीत नाही. आता तिच्या प्रबंधात अख्खं प्रकरण माझ्यावर आहे. (नाव घालणार नाही म्हणते. 'इतवारीतले एक भांडेवाले' एवढंच.)

तेव्हापासून मी हुशार झालोय. कोणाला काही म्हणजे काही सांगत नाही. गॅसवाल्यानं घर नंबर विचारला, तोही सांगितला नाही. सिलिंडर परत गेलं.

तुझा,
चंपत

ता. क. रविवारी आणखी एका बाईंचा फोन आला. पोरगा, मिहान, पत्रिका, सगळं तेच. मी म्हटलं, "आधी रोल नंबर सांगा! आवाज काढाले अजून शिकाचं हाय तुमाले!" पुढेही बरंच बोललो. बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "भाऊ, नंबर तर शोभाताईनंच दिला," आणि फोन ठेवला. मिनल म्हणते, परीक्षा केव्हाच संपली. ताई, त्या तुझ्या ओळखीच्या, लग्नाचा मुलगा असलेल्या मेघाबाई तर नव्हेत? असतील तर तूच जाऊन माझ्या वतीनं पाय धर. फोनच्या आधी त्यांनी मुलाचा फोटो पाठवला होता. तो पाहायला नेलेला माझा मोबाईल मिनलनं अजून परत दिलेला नाही.

आणखी ता. क. उत्तर कागदावरच धाड. पत्र तुझंच आहे याची खूण म्हणून आपल्या लहानपणच्या मारक्या म्हशीचं नाव लिही. ते तुझ्या-माझ्याशिवाय जगात कोणाला ठाऊक नाही. (राणीसाहेब. तुला आठवणार नाही, म्हणून लिहून ठेवतो.)