बरणीतला कोंडा

प्रिय लुएला,

पुढचं वाचण्याआधी एक कर. झऱ्याचं पाणी पिऊ नकोस, कॉफीलासुद्धा घेऊ नकोस. तुझ्या पायरीवर तीन कॅन ठेवलेत, पाच-पाच गॅलनचे, गावातल्या नळावरून मीच भरून आणलेले. ते संपायच्या आत आणखी आणीन. अकरा वर्षं ज्याने तुझ्या फाटकाची कडी काढली नाही तो पाणी ठेवून जातो, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तुला कळलंच असेल. सांगतो. पण मला टोकापासून मोजत आल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हे तू लहानपणापासून सोसलंयस.

इकडे डॉगवूडची झाडं फुललीत. बाबांनी कुंपणाला रोवलेले सीडरचे खांब अजून उभे आहेत, एकोणचाळीसपैकी चौतीस. मी मात्र चार दिवस एका जागी बसलेलो नाही. ताटावर बसतो आणि उठतो. कॉर्नब्रेडचा तुकडा हातात घेऊन मागच्या दारी जातो, तुझं घर आहे त्या घळीकडे बघतो, परत येतो. कुत्रीसुद्धा आता माझ्या मागे यायची थांबलीय.

महिन्यापूर्वी शहरातल्या गुहा शोधणाऱ्या मंडळाकडून एक मुलगी आली, मिस कीलर. त्यांना माझा नकाशा छापायचा होता. आपल्या कुरणाखालची ती गुहा मी एकट्याने मोजली हे तुला माहीत आहेच. सात हिवाळे, कार्बाइडचा दिवा, एक जुनी टेप आणि आठवीत सुटलेली शाळा. दोन हजार एकशे चाळीस फूट. तिने बराच वेळ नकाशा पाहिला, मान डोलावली, मला बरं वाटलं. मग तिने गुहेतल्या ओढ्यावर बोट ठेवलं. कुरणात जमीन खचून झालेला आपला तो खड्डा, त्यातलं पाणी ह्या ओढ्याला उतरतं आणि पूर्वेला नदीत जातं, असं मी काढलंय. ती म्हणाली, "ह्या रेघेच्या टोकापर्यंत तुम्ही स्वतः गेलात?"

मी म्हटलं, "पोरी, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी त्या चिखलात सरपटतोय."

"हो, पण इथपर्यंत गेलात का?"

मला राग आला. तिने दिलेला हिरवा रंग मी तिला खोटं पाडायलाच घेतला. त्या रंगाने अपाय होत नाही, तो फक्त पाणी कुठे निघतं ते दाखवतो. तीन तारखेला सकाळी खड्ड्यात ओतला. मग रोज नदीवर जाऊन काठावर उकिडवा बसायचो. नदी जशीच्या तशी. आठव्या दिवशीही तशीच. नववा दिवस रविवार होता. तू चर्चला गेल्याचं पाहिलं आणि मागच्या पायवाटेने तुझ्या झऱ्यावरच्या दगडी खोलीत उतरलो. दुधाच्या बरण्या गारव्याला ठेवलेल्या होत्या, आणि त्यांच्याभोवतीचं पाणी कोवळ्या गवतासारखं हिरवं होतं.

लुएला, हे तुझा नवरा डेल्मर मला अकरा वर्षांपूर्वी सांगत होता. त्याच्याकडे टेप नव्हती, होकायंत्र नव्हतं. त्याने पोतंभर ओटचा कोंडा खड्ड्यात ओतला आणि झऱ्याच्या तोंडाला तुझं पिठाचं फडकं बांधलं. फडक्यात आलेला ओला कोंडा बरणीत भरून तो हॉबर्टच्या दाण्याच्या दुकानात घेऊन आला, कारण शनिवारी मी तिथे सापडतो. टोपी काढून म्हणाला, पावसानंतर पाण्याला वास येतो, थर्मन, खड्ड्यात मेलेली जनावरं टाकणं आपण बंद करू या. दुकानात सात माणसं होती. मी बरणी उजेडात धरली आणि म्हणालो, "हा तर तुझ्या कोंबड्यांचा नाश्ता दिसतोय, डेल्मर." सगळे हसले. हॉबर्टने तर पोत्यावर हात आपटले. डेल्मरने बरणी काखेत घेतली. "ठीक आहे. नकाशा तुझ्याकडे आहे," एवढंच बोलला. त्यानंतर तो माझ्या घरी आला नाही, आणि तूही नाहीस. त्यानंतरच्या चौथ्या हिवाळ्यात त्याला पुरलं तेव्हा मी दफनभूमीच्या कुंपणाबाहेर उभा होतो. तू पाहिलंस, हे मी पाहिलं.

आता ती रेघ. माझ्या वहीत, पेन्सिलीने, ती सोळाशे दहा फुटांवर थांबते. तिथे छत पाण्याला टेकतं, माणूस पुढे जाऊ शकत नाही. वाट पूर्वेकडे तोंड करून होती म्हणून मी पुढे ठिपके दिले. ते शेवटचे पाचशे तीस फूट नुसता अंदाज. दुकानातल्या त्या शनिवारनंतर दोन आठवड्यांनी मी नकाशा शाईने उतरवला, आणि ठिपक्यांवरून सरळ रेघ ओढली. जिथे आपला हात लागला नाही तिथलं काढू नये, असं मी जगाला शिकवत आलो.

आणि हे पत्र का, तर फेब्रुवारीत माझी दोन वासरं हगवणीने मेली. जमीन गोठलेली, कुदळ चालेना. बाबा करायचे तेच मी केलं, ती खड्ड्यात लोटली. पाणी नदीला जातं, माझ्याच नकाशात लिहिलेलं होतं. हॉबर्टची बायको म्हणते, मार्चपासून तुझं पोट बिघडलेलंच आहे. डॉक्टरकडे जा आणि हे पत्र त्याला दाखव. वासरं मी काल दोरखंड लावून वर काढली, आता खड्डा तळापर्यंत उपसतोय. आज तुझ्या दारापर्यंत आलो होतो, हात उचलला, पण दार वाजवणं जमलं नाही. कारण एक गोष्ट तुला कुणीच सांगितलेली नाही, ती फक्त मला आणि डेल्मरला ठाऊक होती. बरणीच्या झाकणावर त्याने पेन्सिलीने लिहिलं होतं, "नऊ दिवस." कोंड्याला झऱ्यापर्यंत यायला लागलेले. मी ते वाचलं होतं. वाचून झाकणावर अंगठा ठेवला, आणि मग कोंबड्यांचं बोललो. ह्या शनिवारी दहा वाजता मी हॉबर्टच्या दुकानात उभा राहून हे सगळं बोलणार आहे. त्या सातांपैकी पाच अजून येतात. बरणी ठेवली असशील तर घेऊन ये. ठेवली नसलीस तरी झाकणावर काय होतं ते मी सांगेन.

तुझाच भाऊ,
थर्मन