भोक असलेला खडा

ताई,

रविवार, ९ मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तू मला चार लोकांदेखत खोटारडी म्हणालीस आणि चाळण ओढ्याकाठी टाकून निघून गेलीस. बारा वर्षं आपण दोघी त्या गार पाण्यात उभ्या राहून रत्नांसाठी खडे चाळतोय. ही काय निघून जायची रीत झाली?

तू चाळण गोणपाटावर उलटी केलीस तेव्हा तळाशी बसलेले जड खडे नेहमीसारखे वर, मधोमध आले. त्यांत एक लाल गार्नेट होतं. तू ते अंगठ्याखाली फिरवलंस. "बाई गं, याला भोक आहे. माझे डोळे अधू झालेत, बोटं नाहीत. तुझी कीव तुझ्यापाशीच ठेव."

मी म्हटलं, "कुणाची तरी माळ तुटली असेल." कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढूनही मी इतक्या सरळ चेहऱ्याने खोटं बोलले.

माळ माझीच होती. वर्षभर तुला चाळणीतलं काही दिसत नव्हतं. तू यायचं सोडशील या भीतीने मी तो मणी चाळणीत टाकला. खरं तर सांगायला हवं होतं, की खडे मी निवडते, तू फक्त चाळण फिरव. तुझ्यासारखी चाळण फिरवणं मला कधीच जमलं नाही. एवढं बोलायला माझी जीभ रेटली नाही. एरवी ती कुठे थांबते?

आधीची तीन पत्रं न पाठवता माझ्या टेबलाच्या खणात पडून आहेत. हेही बहुधा तिथेच जाईल. तरीही तीस एप्रिलच्या आत मला लेखी कळव, मेच्या पहिल्या रविवारी ओढ्यावर येतेस की नाही. अक्षर वाकडं आलं तरी चालेल.

तुझी,
धाकटी